चव: लागू नाही

आमच्या बाईंना कुणी "कशा आहात?" असं विचारलं, की विचारणाऱ्याची बस चुकायची. "बरी आहे" एवढं साधं उत्तर त्यांना देताच येत नसे. डहाणूच्या स्टँडवर तलासरीची गाडी लागलेली, कंडक्टर आत चढलेला, आणि बाई खाली उभ्या राहून एका ओळखीच्या गृहस्थांना सांगताहेत, "उजवा गुडघा चढताना दुखतो, उतरताना नाही. भूक उत्तम. दृष्टी लांबची ठीक, जवळची नाही. मन काल जरा नाराज होतं, आज नाही." शेवटी कंडक्टरने घंटी मारली, बाई पदर खोचून आत चढल्या आणि गृहस्थ खालीच राहिले. त्यांनाही तलासरीलाच जायचं होतं.

"त्यांनी आपलं सहज विचारलं होतं हो," मी म्हटलं.

"मग सहज विचारू नये," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

मी तेव्हा नवी होते. सोलापूरकडची, तोंडाने तिखट, रागाला नाकावर बसवून फिरणारी. पहिलीच नेमणूक तलासरीच्या पूर्वेला, डोंगराला लागून असलेल्या एका पाड्यावरच्या शाळेत मिळाली. शाळेत शिक्षक दोनच, मी आणि बाई. बाई नरपडहून यायच्या, मी डहाणूत खोली घेऊन राहायचे. तलासरीपर्यंत एसटी आणि पुढे इको गाडीत दाटीवाटीने, असा आमचा रोजचा संसार. वाटेत त्या माझा डबा उघडून बघत. एक घास खात, डोळे मिटत आणि म्हणत, "भाजी घाईत आहे." मला राग यायचा, कारण भाजी खरोखरच घाईत असायची.

बाईंची सगळी कीर्ती एका वहीमुळे होती. शाळेत दुपारचं जेवण शिजतं. ते मुलांना वाढायच्या आधी शिक्षकाने स्वतः चाखायचं आणि चव कशी आहे ते नोंदवहीत लिहून सही करायची, असा नियम आहे. या वहीत सहसा एकच वाक्य सापडतं: "चव चांगली आहे." मीही पहिल्या सोमवारी तेच लिहिलं. चूल पेटायच्या आधीच लिहिलं, म्हणजे नंतर धावपळ नको. बाईंनी वही बघितली, मग चुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"न चाखता शेरा देऊ नये," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. पण त्यांनी ती ओळ माझ्याच हाताने खोडायला लावली आणि खाली माझी सही घेतली. मी दिवसभर धुमसत होते.

त्यांचे स्वतःचे शेरे वाचायला मी नंतर नंतर लवकर येऊ लागले. "वरण: मीठ बरोबर, हिंग विसरला. लखमीचं लक्ष आज घरी आहे." "खिचडी: तांदूळ जिंकला, मुगाला न्याय नाही." "मटकी: तक्रारीला जागाच नाही, म्हणून पुन्हा चाखली. तरी नाही." आमची स्वयंपाक करणारी लखमीताई ही त्याच पाड्यावरची. तिला वाचता येत नव्हतं, पण शेरा काय पडला हे ती मला रोज विचारायची आणि चांगला असला तर दुसऱ्या दिवशी केसात फूल माळून यायची. बाई चाखायच्या तेही तळापासून. पळी थेट खालपर्यंत घालून आमटी वाटीत घ्यायच्या, पाठ फिरवून उभ्या राहायच्या आणि घास तोंडात इतका वेळ फिरवायच्या की ताटं घेऊन बसलेली पोरं श्वास रोखून त्यांच्या मानेकडे बघत राहायची. मानेची ती हालचाल झाली, घास खाली गेला, की पोरं ताटं वाजवायची.

एकदा तपासणीला साहेब आले. वही चाळून म्हणाले, "बाई, इथे फक्त चांगली की वाईट एवढंच लिहायचं असतं."

"साहेब, ‘चांगली’ हा शेरा नाही, पळवाट आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही बसा. जेवा. मग तुम्हीच लिहा."

साहेब बसले. दोनदा भात घेतला. वहीत त्यांनी लिहिलं, "चव चांगली आहे," आणि बाईंच्या नजरेखाली पुढे भर घातली, "आमटी किंचित पातळ." बाईंनी मान हलवली. गाडीत बसता बसता साहेब मला हळूच म्हणाले, "यांच्या घरचे लोक जेवतात कसे?" घरी बाईंचा धाकटा भाऊ आणि भावजय होती. चिकूची वाडी भाऊ बघायचा. बाईंनी लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही याचं उत्तर त्या इतकं सविस्तर देत, की कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे.

आता ज्या दिवसाबद्दल सांगायचं, त्या दिवशीही मटकीच होती. लखमीताई पळी घेऊन नेहमीसारखी निकालाची वाट बघत उभी. बाईंनी चाखलं आणि म्हणाल्या, "मीठच नाही."

लखमीताईने चाखलं. मी चाखलं. मीठ होतं. मी तरी मिठाचा डबा उचलला, कारण बाई म्हणाल्या म्हणजे नसणारच. लखमीताईने माझा हात धरला.

"बाई चुकली," ती म्हणाली. "बाई कदी चुकत नाय. बाईला कायतरी झालाय."

मग मी नीट बघितलं. आमटीचा ओघळ बाईंच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून पदरावर उतरत होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. वाटी डाव्या हातातून सुटली. शाळेखालीच उभ्या असलेल्या इकोतून आम्ही त्यांना तलासरीला आणि तिथून पुढे नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद झाली होती, वेळेवर आणलंत. वेळेवर आणलं ते लखमीताईने. मी एकटी असते तर मीठ वाढवलं असतं, हे मी आजही विसरलेली नाही.

जीव वाचला. डावी बाजू लुळी पडली, ती हळूहळू थोडी परत आली. बोलणं जड झालं, पण लक्ष देऊन ऐकलं तर कळायचं. एकच गोष्ट गेली ती गेली. गिळता येईना. नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी घातली आणि त्या नळीतून भावजय दिवसातून सहा वेळा दूध, गाळलेली पेज, पातळ केलेलं वरण सोडायची. मी भेटायला गेले तेव्हा बाईंनी उजव्या हाताने खूण करून वही मागितली. मी शंभर पानी वही नेली, त्यांना हवे तसे रकाने आखून दिले: दिनांक, पदार्थ, चव, सही. पुढच्या रविवारी गेले तेव्हा दोन पानं भरली होती. दूध. चव: लागू नाही. पेज. चव: लागू नाही. वरण. चव: लागू नाही. खाली सही. रोज, प्रत्येक वेळी. मी रिक्षात बसून नरपडपासून डहाणूपर्यंत रडले आणि रिक्षावाल्याने विचारलं तेव्हा त्याच्यावरच ओरडले.

त्यानंतर चहाचं प्रकरण झालं. भावाला बघवेना. ताईचा जीव चहात, आणि घरात चहा उकळला की ती मान वळवून भिंतीकडे बघायची. एका सकाळी त्याने दोन चमचे चहा तिच्या तोंडात घातला. ठसका नाही, खोकला नाही. घरात आनंदीआनंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन चमचे. "खोकली नाही, म्हणजे उतरतोय," त्याने मला फोनवर सांगितलं, आणि मीही "वा!" म्हटलं. चौथ्या दिवशी ताप भरला, छाती भरली, बाई पुन्हा हॉस्पिटलात.

"खोकला आला नाही हीच तर भानगड आहे," डॉक्टर म्हणाले. "चहा श्वासनलिकेत गेला आणि शरीराला कळलंच नाही. काहींना ठसका लागतो, त्यांचं आपल्याला कळतं. यांचं बाहेरून कळायचं नाही."

ताप उतरल्यावर पुढचं बोलणं निघालं. नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. तोंडाने खाणं जमणार नसेल तर पोटाला छोटं छिद्र करून तिथूनच कायमची नळी बसवायची. तोंडाने खाणं जमेल की नाही, हे कळायला गिळण्याची तपासणी करावी लागते, ती वापीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात होते. डॉक्टर म्हणाले, आधी तपासणी करू, पण मनाची तयारी ठेवा.

भाऊ तपासणीला तयार होईना. "मॅडम, तिथे पुन्हा खायलाच घालणार ना तिला?" तो मला म्हणाला. "मी एकदा खायला घालून बघितलंय. पोटातली नळी बसवू द्या. ताई जगली पाहिजे, बस."

मी त्याला नको ते बोलले. म्हटलं, तुम्हाला सोय हवी आहे. त्याने हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्याला काय वाटत होतं ते मला तेव्हा कळायला हवं होतं, पण रागात माणसाला दुसऱ्याचं काही दिसत नाही. बाईंनी पलंगावरून वही मागितली. सगळ्यांना वाटलं, लागू नाही असंच काहीतरी लिहितील. त्यांनी लिहिलं, "न चाखता शेरा देऊ नये," आणि वही भावापुढे धरली. डॉक्टरांनी वाचलं, हसले आणि वापीची चिठ्ठी लिहून दिली.

वापीला तपासणी करणारी थेरपिस्ट लहानशी, पोनीटेल बांधलेली मुलगी होती. आल्या आल्या म्हणाली, "कशा आहात आजी?" मी मनात म्हटलं, झालं. बाईंनी आधी "आजी नाही, बाई," हे तीनदा म्हणून दुरुस्त करून घेतलं. मग जड जिभेने सांगायला सुरुवात केली: लाळ डावीकडे साठते, जीभ उजवीकडे ऐकते, आवंढा गिळायला दोनदा प्रयत्न लागतो, सकाळी जास्त जमतं. मुलगी टाचणं काढत गेली. शेवटी म्हणाली, "इतकं नीट मला कुणी सांगत नाही. सगळे ‘ठीक आहे’ म्हणतात." बाईंनी माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. मी मुद्दामच दुसरीकडे बघितलं.

पहिली तपासणी साधी, खुर्चीवर बसूनच. जीभ बाहेर काढा, गालात ढकला, गाल फुगवा, जोरात खोका, "आ" म्हणा. मग चमचाभर पाणी, मुलीची बोटं बाईंच्या गळ्यावर आणि पुन्हा "आ". आवाज ओलसर, घशात गुळणी धरल्यासारखा आला, म्हणजे पाणी नको तिथे थबकलंय. पण आत ते नेमकं कुठे जातं हे बोटांना कळत नाही, असं ती म्हणाली. त्यासाठी दोन मार्ग. एक, नाकातून बारीक कॅमेरा घालून घशात वरून बघायचं. दुसरा, खाण्यात बेरियम नावाची पांढरी पूड कालवायची आणि माणूस गिळत असताना एक्स-रेचा चालता सिनेमा काढायचा. बाईंसाठी तिला दुसरा हवा होता, कारण गिळतानाचा नेमका क्षण त्यात दिसतो.

"यात पास-नापास नाही," तिने भावाला समजावलं. "खाणं चुकीच्या वाटेला जातं का, एवढंच आपण बघत नाही. कसं बसलं, कशी मान वळवली, किती घट्ट दिलं, तर ते बरोबर वाटेने जातं, हे शोधतो. अगदी थोडं थोडं देणार. मी शेजारीच असणार. थोडं श्वासनलिकेत गेलं, तर लगेच थांबणार."

भाऊ म्हणाला, "मी बाहेरच थांबतो," आणि दाराला पाठ करून बाकावर बसला.

बाईंचं बोलणं कळतं म्हणून मला आत घेतलं. आधी एका सिस्टरने विचारलं, मी गरोदर तर नाही ना. नाही म्हटल्यावर शिशाचा एक जडशीळ एप्रन अंगात चढवला. त्या वजनाने मी वाकले, तशा बाई हसल्या. अर्धाच चेहरा हसला, पण महिन्या-दीड महिन्यात पहिल्यांदा हसला. त्यांना मशीनच्या पुढ्यात सरळ खुर्चीवर, बाजूने दिसतील अशा बसवलं. काचेच्या खोलीत टेक्निशियन काका, मायक्रोफोन आणि गुजराती. टेबलावर वाट्या ओळीने मांडलेल्या: पाण्यासारखं पातळ, ताकासारखं, शिऱ्यासारखं घट्ट आणि बेरियम लावलेला बिस्किटाचा तुकडा. बाईंनी त्या वाट्यांकडे एकेक करून बघितलं आणि उजवा हात पुढे केला. मला आधी कळलंच नाही. मग कळलं, वही हवी आहे.

पहिला चमचा पातळ. पडद्यावर बाईंचा जबडा, मानेचे मणके, आणि तोंडातून निघालेली काळी रेघ, कारण पांढरं बेरियम पडद्यावर काळं दिसतं. ती जिभेवरून मागे गेली, क्षणभर थांबली आणि पुढच्या नळीत, श्वासाच्या नळीत, सरळ धाग्यासारखी उतरली. बाई शांत बसलेल्या. खोकला नाही, ठसका नाही. भावाचा चहा असाच उतरला होता. मी भिंत धरली.

"खोका बाई, जोरात," मुलगी म्हणाली, आणि मला म्हणाली, "हे दिसावं म्हणूनच आलोय आपण." तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मला तिचा फार आधार वाटला.

मग तिने बाईंची मान डावीकडे, लुळ्या बाजूला वळवली. सांगितलं, असं केलं की दुबळी बाजू मिटते आणि खाणं धडधाकट बाजूने उतरतं. पुन्हा पातळ. यावेळी कमी गेलं, पण गेलंच. पातळ बंद. ताकासारखं दिलं, मान तशीच. काळा गोळा मागे गेला, थांबला आणि मागच्या नळीत, अन्नाच्या नळीत गेला. मी ओरडणार होते, पण मुलीने पडद्यावर बोट ठेवलं. सगळं गेलं नव्हतं. घशातल्या एका खोबणीत काळा साका उरला होता. "हे असं राहिलं तर नंतर श्वासाबरोबर आत घसरतं," ती म्हणाली. बाईंना थोडं थांबवून ती शिऱ्यासारख्या वाटीकडे वळली.

घट्ट चमचा बाईंच्या तोंडात गेला. त्या तो फिरवत राहिल्या, फिरवत राहिल्या, आणि मला एकदम पाड्यावरची पोरं आठवली. मान हलली. पण तोवर काकांनी मशीन बंद केलं होतं. विनाकारण किरणं नकोत म्हणून मधे मधे ते बंद ठेवतात. पुढचा चमचा द्यायच्या आधी खात्री करावी म्हणून त्यांनी मायक्रोफोनमधून विचारलं, "बेन, गळ्युं?"

"ना!" बाई फणकारल्या. "जराय नहीं!"

काका दचकले. "गळ्युं नथी?"

"ना! बिल्कुल नहीं!"

मला गुजराती बेताचंच येत होतं, त्यामुळे मीही घाबरले. मुलीचा चेहरा उतरला. घास अजून घशातच अडकलाय असं समजून तिने मशीन चालू करायची खूण केली आणि काका स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवत घाईघाईने म्हणाले, "फरी गळो, बेन! फरी एक वार गळो!" बाई चिडल्या. काय कटकट आहे अशा नजरेने त्यांनी काचेकडे बघितलं आणि नुसता, कोरडा आवंढा गिळला, रागाने, मान डावीकडे तशीच.

पडद्यावर सगळं दिसत होतं. घास केव्हाच खाली गेलेला होता. खोबणीत उरला होता तो थोडासा साका, आणि तो त्या कोरड्या आवंढ्याबरोबर उचलला गेला आणि मागच्या नळीत गेला. खोबणी रिकामी झाली. श्वासाच्या नळीत एक ठिपका नाही.

"बघा! बघा!" मुलगी ओरडली, तिचा तो शांतपणा कुठल्या कुठे गेला. "दोनदा गिळलं की साफ होतंय! पुढच्या चमच्याला मी हेच करून बघणार होते!" मग बाईंच्या समोर गुडघ्यावर बसून म्हणाली, "पण बाई, गिळलं होतंत तर तुम्ही ‘नाही’ असं का म्हणालात?"

बाईंनी लिहायला घेतलं. मी वाचून दाखवलं: "त्यांनी विचारलं, गोड आहे का. नाही."

काकांना हसू आवरेना. ते खोलीतून बाहेरच आले. गुजरातीत "गळ्युं" म्हणजे "गिळलं" आणि "गळ्युं" म्हणजेच "गोड". बाईंचं गुजराती डहाणूच्या बाजारातलं, फरसाणाच्या दुकानात "तिखुं के गळ्युं" विचारतात तेवढं. आणि आयुष्यभर चव सांगत आलेल्या बाईला तोंडात घास असताना कुणी काही विचारलं, तर तो चवच विचारणार, दुसरं काय? त्यांनी अतिशय प्रामाणिक उत्तर दिलं होतं. काका पुढच्या प्रत्येक चमच्याला "उतर्युं?" असं विचारू लागले. बिस्किटाचा तुकडा सगळ्यात शेवटी गेला, हळूहळू चावून, दोन आवंढ्यांत, बरोबर वाटेने. सगळं मिळून वीसेक मिनिटं लागली असतील. मला वाटलं, दिवस गेला.

त्यांची त्या दिवशीची नोंद माझ्याकडे आहे. "बेरियम, पातळ: खडू. बेरियम, मध्यम: खडू, व्हॅनिलाचा आव. बेरियम, घट्ट: आव गळून पडला, खडू उरला. बिस्कीट: बिचारं. मुलांना देऊ नये." त्या पानावर लागू नाही हे शब्द एकदाही नाहीत. मुलीने त्या पानाचा फोटो काढून घेतला आणि सांगितलं, की इतक्या लोकांना बेरियम दिलं, पण ते कसं लागतं हे आज पहिल्यांदा कळलं.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही, बाईंनी म्हणू दिलं नसतं. पाणी आणखी काही आठवडे नळीनेच, मग पूड घालून घट्ट केलेलं. घट्ट केलेल्या चहाबद्दल त्यांनी लिहिलेला शेरा इथे देता येणार नाही. जिभेचे आणि मानेचे व्यायाम रोज तीनदा, भावजय घड्याळ घेऊन समोर. काही महिन्यांनी पुन्हा तशीच तपासणी झाली, पातळसुद्धा नीट उतरू लागलं, आणि पोटातल्या नळीचं नावही कुणी पुन्हा काढलं नाही. मी बदली होऊन गावाकडे आले. बाई निवृत्त झाल्या. परवा फोनवर मी चुकून विचारलं, "कशा आहात?" माझी पोळी तव्यावर करपली, मी ती करपू दिली.

पण मला जे सांगायचं आहे ते त्याच दिवशीचं, तपासणीनंतरचं. मुलगी दार उघडून बाहेर गेली. भाऊ तसाच दाराला पाठ करून बसला होता. तिने त्याला सगळं सांगितलं: पोटात नळी नको. घट्ट, मऊ खाणं तोंडाने, मान डावीकडे, प्रत्येक घासाला दोनदा गिळायचं. दोन दिवस शौचाला पांढरं होईल, घाबरू नका. तो ऐकत होता, पण त्याचा विश्वास बसत नव्हता. "आजपासून?" त्याने विचारलं.

"आत्तापासून. माझ्यासमोर. मऊ काही आहे का बरोबर?"

त्याने नेहमीची ती पिशवी पुढे केली. आत चिकू होते, वाडीतले, झाडावरून निवडून काढून पिकवलेले. ताई खाऊ शकणार नाही हे मान्य करूनसुद्धा त्याने ते आणले होते. मी त्याला काय काय बोलले होते! मला तिथेच त्याचे पाय धरावेसे वाटले. मी फक्त "भाऊ, माझं चुकलं," एवढंच म्हटलं, आणि त्याने मान हलवून ते तिथेच मिटवलं.

कँटीनमधून गाळणी आणि वाटी आणली. साल, बी काढून चिकू कुस्करला, रवाळपणा जाईल इतका गाळून घेतला. भावाने चमचा भरला आणि ताईच्या ओठांपाशी नेला. चमचा पुढे जाईना. "मला नाही जमत," तो म्हणाला, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा रडला, सगळ्यांसमोर, मोठ्याने.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग उजवा हात पुढे केला, त्याच्या बोटांतून चमचा काढून घेतला, मान डावीकडे वळवली आणि स्वतःच घास घेतला. एकदा गिळला. पुन्हा एकदा गिळला. मुलगी म्हणाली, "आ म्हणा." बाईंनी "आ" म्हटलं, स्वच्छ, कोरडा, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल असा. सिस्टरने आतून डोकावून बघितलं.

मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. बाईंनी चमच्यानेच ती बाजूला सारली.

"थांब," त्या म्हणाल्या. "खाऊ दे मला."

आणि वाटी संपेपर्यंत त्यांनी आमच्यापैकी कुणाकडेही बघितलं नाही.